माकुलाच्या जाळ्यातली नको असलेली मासळी

अमेरिकेतल्या रोड आयलंड या चिमुकल्या राज्याने 2014 मध्ये चक्क कायदा करून माकुलाच्या तळलेल्या चकत्यांना, म्हणजे 'कॅलमारी'ला, राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवले. 2020 च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात प्रत्येक राज्य आपापली मते जाहीर करत होते, तेव्हा रोड आयलंडच्या प्रतिनिधीने शेजारी कॅलमारीचे ताट धरलेला आचारी उभा केला आणि त्या पदार्थाची जाहिरात साऱ्या देशाने पाहिली. या थाटामागे पॉइंट ज्युडिथ हे बंदर आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर माकूल उतरवणाऱ्या बंदरांत त्याचे स्थान अव्वल. तिथून निघणारे ट्रॉलर जेमतेम दोन इंच आसाचा, म्हणजे जाळ्याच्या भोकाच्या मापाचा, खोला ओढतात. जाळ्याच्या शेपटीकडची ही पिशवी इतक्या बारीक आसाची ठेवली नाही, तर हाती फारसे माकूल लागत नाही. आणि तशी ठेवली की माकुलाबरोबर बटरफिश येतो, स्कप येतो, लेपीच्या जातीचे फ्लाउंडर येतात, मुशीही येते. यातले बरेचसे मेलेल्या अवस्थेत पुन्हा समुद्रात टाकले जाते.

हा प्रश्न एका बंदराचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार 2010 ते 2014 या काळात जगभरात दरवर्षी सुमारे 91 लाख टन मासळी पकडून फेकून दिली गेली. त्यातला 46 टक्के वाटा एकट्या तळट्रॉलचा होता. कोळंबीचे ट्रॉल यात सर्वांत बदनाम आणि त्यामुळे सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले. माकुलाच्या ट्रॉलकडे लक्ष उशिरा गेले. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र न्यू इंग्लंडपासून न्यूझीलंडपर्यंत जाळ्यात बरेच फेरफार करून पाहण्यात आले. त्यातून काय साधले, काय फसले आणि कोकणच्या ट्रॉलरला त्यातले काय घेता येईल, हे एकदा नीट मांडून पाहण्यासारखे आहे.

अडचण माकुलाच्या अंगातच

मासेमारी शास्त्रातला जुना आणि सरळ उपाय म्हणजे आस मोठा करणे. लहान निसटतील, मोठे राहतील. ज्या माशाची वाढ वर्षानुवर्षे चालते त्याला हा हिशोब लागू पडतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे लांबपंखी माकूल, शास्त्रीय नाव डोरिट्युथिस पिआलिई, जेमतेम वर्षभरही जगत नाही. ते झपाट्याने वाढते, अंडी घालते आणि मरते. वर्षाच्या कुठल्याही महिन्यात समुद्रात वेगवेगळ्या वयाची आणि आकाराची माकुले एकाच वेळी असतात. 'अमुक आकाराखालचे लहान, त्यावरचे मोठे' अशी रेघ ओढायला जागाच फारशी नाही.

त्यात माकुलाचे शरीर मऊ. त्याला ना हाडाचा सांगाडा, ना टणक खवले. आस थोडा मोठा झाला की अंग आवळून ते सहज बाहेर पडते किंवा अर्धवट अडकून फाटते, आणि फाटलेल्या माकुलाला बाजारात किंमत नाही. उलट बटरफिश चपटा, गोलसर आणि उंच अंगाचा. पापलेट ज्या माशांच्या गटात मोडतो, त्याच गटातला हा छोटा भाऊबंद. ज्या आसातून लांबट, लवचीक माकूल निसटते, त्याच आसात तितक्याच वजनाचा बटरफिश अडकून राहतो. म्हणजे आस वाढवत नेला तर आधी जाते ते माकूल आणि मागे राहतो तो नको असलेला मासा. माकुलाच्या ट्रॉलची सगळी गुंतागुंत या एका गोष्टीत आहे.

शिवाय दोघांचा मुक्कामही बराचसा एकत्र. हिवाळ्यात दोन्ही खंडमंचाच्या कडेला खोल आणि त्यातल्या त्यात उबदार पाण्यात उतरतात, उन्हाळ्यात किनाऱ्याकडे सरकतात. जाळे टाकणाऱ्याने माकूल हेरले की बटरफिश जवळपास असण्याची शक्यता मोठीच.

सहा मिलिमीटरांची गोष्ट

1970 च्या दशकात या पाण्यात परदेशी कारखाना-जहाजे माकूल आणि बटरफिश दोन्ही पकडत होती. 1976 च्या मॅग्नसन कायद्याने अमेरिकेने 200 सागरी मैलांचा पट्टा आपल्या ताब्यात घेतला. पुढच्या दहाएक वर्षांत परदेशी जहाजे गेली आणि माकूल स्थानिक ट्रॉलरांच्या हाती आले. बटरफिशला जपानमध्ये गिऱ्हाईक होते तोवर तोही विकला जाई. मागणी ओसरली तसा तो डेकवरून परत पाण्यात जाऊ लागला.

2005 मध्ये सरकारने बटरफिशचा साठा प्रमाणाबाहेर घटल्याचे जाहीर केले. या मासेमारीची आखणी मिड-अटलांटिक मत्स्य व्यवस्थापन परिषद करते. बटरफिश वाचवायचा तर माकुलाच्या जाळ्याला हात घालणे तिला भाग होते, कारण मरणारा बटरफिश बहुतांशी त्याच जाळ्यात मरत होता. व्यवस्थापन आराखड्याच्या 2010 च्या दहाव्या दुरुस्तीने वर्षाच्या तीन चतुर्मासांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या भागात खोल्याचा किमान आस 48 मिलिमीटरवरून 54 मिलिमीटर केला. उन्हाळ्यातला मधला भाग वगळला गेला. वाढ फक्त सहा मिलिमीटरांची होती. याहून मोठा आस ठेवला तर धंदाच बुडेल, असे मच्छीमारांचे म्हणणे होते.

या दुरुस्तीतला अधिक कडक भाग आसाचा नव्हता. 2011 पासून बटरफिशच्या मृत्यूवर वार्षिक कमाल मर्यादा आली. बोटींवर जाणाऱ्या निरीक्षकांच्या नोंदींवरून किती बटरफिश मेला याचा अंदाज काढायचा आणि मर्यादा भरली की माकुलाची मासेमारी थांबवायची, असा तो नियम. 2012 मध्ये तो लागूही झाला: माकुलाचा वाटा शिल्लक असताना बटरफिशची मर्यादा भरली म्हणून हंगाम मध्येच बंद झाला. बंदरात नाराजी होणे साहजिकच होते. पण नको असलेल्या माशाची किंमत तेव्हा पहिल्यांदा बोटमालकाच्या वहीत चढली. बटरफिश कुठे दाट आहे, कुठल्या तापमानाच्या पाण्यात तो माकुलापासून वेगळा होतो, या प्रश्नांत शास्त्रज्ञांच्या जोडीला मच्छीमारही लक्ष घालू लागले.

गोष्टीला पुढे कलाटणी मिळाली. 2014 च्या नव्या मूल्यमापनाने सांगितले की बटरफिशचा साठा चांगल्या स्थितीत आहे आणि आधी वाटला होता तितका तो कधी खालावलाच नव्हता. म्हणून साठा सावरण्याचे श्रेय त्या सहा मिलिमीटरांना देता येत नाही. तरीही मर्यादेची पद्धत टिकली, निरीक्षण टिकले. 2018 मध्ये ही मासेमारी मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे शाश्वततेचे प्रमाणपत्र मिळवणारी जगातली पहिली माकूल-मासेमारी ठरली.

माशाच्या स्वभावाला धरून

आकाराची चाळणी जिथे हरते, तिथे दुसरी वाट म्हणजे माशाचे वागणे पाहून जाळे बेतणे. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या शास्त्रज्ञांनी 1980 च्या सुमारास पाण्याखाली उतरून ट्रॉलच्या तोंडाशी काय घडते ते टिपले होते. समोरून जाळे येताना मासा लगेच आत शिरत नाही. तो जाळ्याच्या वेगाने पुढे पोहत राहतो, दमतो आणि मग मागे पडतो. दमल्यावर प्रत्येक जात वेगळे वागते. हॅडॉक वर उसळतो, कॉड तळाशीच राहतो. जाळ्याच्या मधोमध आडवा पडदा लावला की दोघांना वेगळे करता येते.

मॅसॅच्युसेट्सच्या उथळ पाण्यात हीच पद्धत माकुलासाठी वापरून पाहिली गेली. पाण्याखालच्या कॅमेऱ्यांत दिसले की माकुलेही काही वेळ जाळ्याबरोबर पोहतात आणि दमली की वरच्या बाजूला सरकून मागे वळतात. फ्लाउंडर तळ सोडत नाही. म्हणजे जाळ्याच्या खालच्या भागात मोठी वाट ठेवली तर तळाचा मासा खालून निघून जाईल आणि माकूल वरून खोल्यात जाईल. पुढच्या बहुतेक फेरफारांचा पाया हाच.

यातला सर्वांत साधा फेरफार तळदोराचा. नेहमीच्या ट्रॉलमध्ये तळदोर समुद्राच्या बुडाला घासत जातो. त्याऐवजी तो साखळ्यांच्या आधाराने बुडापासून हातभर वर ठेवायचा. जाळ्याचे पोट वर राहते आणि फ्लाउंडर व पाखट खालच्या फटीतून निसटतात. मॅसॅच्युसेट्सच्या सागरी मत्स्य विभागाने व्हायटिंग या माशाच्या मासेमारीत असे उचललेल्या तळदोराचे जाळे चाचण्यांनंतर नियमातच बसवले. माकुलाच्या जाळ्यासाठीही साखळ्यांचे असे तळदोर दक्षिण न्यू इंग्लंडमध्ये आजमावले गेले. यात नवे यंत्र नाही, खर्च थोडा आणि बंदरावरचा जाळे विणणाराही हा बदल करू शकतो. दुसरा प्रकार पोटाच्या पडद्याचा: जाळ्याच्या खालच्या अंगाला पुढे काही भाग मोठ्या आसाचा विणायचा, म्हणजे तळाशी राहणारा मासा खोल्यापर्यंत पोहोचण्याआधीच खाली गळतो.

या विचाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण रोड आयलंडचेच, मात्र ते हॅडॉकच्या जाळ्याचे. फिलिप रूल या कप्तानासह मच्छीमार, जाळी बनवणारे आणि रोड आयलंड विद्यापीठातले लोक एकत्र आले. त्यांनी पुढच्या खालच्या भागात सुमारे 8 फुटांचे आस असलेले 'एलिमिनेटर' ट्रॉल तयार केले. हॅडॉक वर उसळून खोल्यात जातो, कॉड आणि फ्लाउंडर त्या प्रचंड आसांतून बाहेर. 2007 मध्ये जागतिक वन्यजीव निधीच्या 'स्मार्ट गिअर' स्पर्धेत त्याला पहिले बक्षीस मिळाले. 2008 मध्ये रूल यांचा बोट उलटून मृत्यू झाला आणि नियमपुस्तकात त्या जाळ्याचे नाव 'रूल ट्रॉल' असे नोंदले गेले. यातून माकूल पकडणाऱ्यांनी घेण्याजोगे एवढेच की रोज जाळे ओढणारा माणूस आखणीत पहिल्या दिवसापासून असला, तर जाळे प्रयोगशाळेत अडकून पडत नाही.

बटरफिश मात्र या सगळ्याला पुरून उरतो. तो फ्लाउंडरसारखा तळाला चिकटत नाही आणि माकुलापेक्षा फार वेगळ्या उंचीवरही राहत नाही. तळाच्या माशांवर स्वभावाचा उपाय चालतो, बटरफिशवर फारसा नाही.

जाळीचा दरवाजा

तिसरा मार्ग कठड्याचा. खोल्याच्या अलीकडे धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या दांड्यांची तिरकी चौकट बसवायची. लहान जीव दांड्यांतून मागे जातात, मोठे चौकटीवरून घसरत वरच्या किंवा खालच्या भोकातून बाहेर पडतात. कोळंबीच्या जाळ्यात कासव वाचवणारे यंत्र याच तत्त्वाचे. मुशीने भरलेल्या पाण्यात मॅसॅच्युसेट्सच्या व्हायटिंग-मासेमारीत अशा चौकटींची चाचणी झाली. मुशी बाहेर गेली की पकडही चिरडत नाही, हा वरचा फायदा. पण ही चौकट मोठ्यांसाठी आहे. माकुलाएवढ्या माशाला ती अडवत नाही.

माकुलाच्या मासेमारीत चौकटीचा सर्वांत मोठा प्रयोग न्यूझीलंडने केला, तोही सीलायनसाठी. दक्षिणेकडच्या ऑकलंड बेटांजवळ बाणमाकुलाचे ट्रॉल चालतात आणि तिथेच न्यूझीलंडच्या दुर्मीळ सीलायनची मोठी वीण आहे. माकुलामागे जाळ्यात शिरलेला सीलायन श्वासासाठी वर येऊ शकत नाही आणि बुडून मरतो. साधारण 2000 पासून तिथे चौकट, वरचे भोक आणि त्यावर टोपीसारखा पडदा असलेली यंत्रे आली आणि काही वर्षांत ताफाभर पसरली.

जाळ्यात मेलेले सीलायन दिसेनासे झाले, आणि खरा वाद तिथून सुरू झाला. बाहेर पडलेला प्राणी जगला, की चौकटीवर आपटून पुढे कुठेतरी मेला? सुरुवातीच्या वर्षांत भोकावर झाकणजाळे लावून बाहेर पडणारे प्राणी पकडले गेले आणि त्यांची शवचिकित्सा झाली. गोठवून वितळवलेल्या शवांवरच्या काही खुणा जखमांसारख्या भासतात, हे पुढे लक्षात आल्यावर आधीचे निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले. यंत्रामुळे किती प्राणी वाचतात असे धरायचे, यावर हंगामाची मर्यादा ठरत होती. सरकारने हे प्रमाण आधी 35 टक्के आणि नंतर 82 टक्के धरले, आणि दोन्ही वेळा पर्यावरणवाद्यांनी त्यावर बोट ठेवले. जाळ्यातून सुटलेला जीव वाचलाच असे गृहीत धरता येत नाही, हे माशांनाही तितकेच लागू आहे. खवले निघालेला, दमलेला लहान मासा आसातून बाहेर पडून पुढे किती जगतो, हे मोजणे अवघड आणि म्हणून क्वचितच मोजले जाते.

अटलांटिकच्या दक्षिण टोकाला, फॉकलंड बेटांच्या पाण्यात, 1987 पासून परवान्यांवर माकुलाची मासेमारी चालते. 2017 च्या हंगामात जाळ्यांत सील आणि सीलायन मरू लागल्यावर तिथल्या सरकारने हंगाम सुरू असतानाच अशीच यंत्रे सक्तीची केली.

दिवे, जागा आणि वेळ

अलीकडचा सर्वांत स्वस्त फेरफार दिव्यांचा आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगॉनमध्ये कोळंबीच्या जाळ्यात युलाकॉन नावाचा संरक्षित मासा सापडत असे. जाळ्याच्या तळदोरालगत दहा हिरवे एलईडी दिवे बांधले आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार युलाकॉनची पकड वजनाने 91 टक्के घटली. कोळंबी मात्र जवळपास तेवढीच मिळाली. उजेडात माशांना तळदोराखालची फट दिसते आणि ते तिथून निघून जातात. माकुलाला मात्र उजेडाची ओढ असते, जपानपासून अर्जेंटिनापर्यंतची गळाची मासेमारी रात्रभर दिवे पेटवून याच ओढीवर चालते. म्हणून ओरेगॉनचा उपाय उचलून माकुलाच्या जाळ्याला बांधता येत नाही, त्याची वेगळी चाचणी हवी.

गळाची ही पद्धत आठवण्याजोगी आहे. तिच्यात नको असलेली मासळी जवळजवळ येतच नाही. पण ती मोठ्या थव्यांनी फिरणाऱ्या जातींना सोयीची आहे आणि तिला वेगळी बोट, वेगळी यंत्रे लागतात. ट्रॉलरमालकाला उद्या सकाळी ती उचलता येत नाही.

जाळे तेच ठेवून जागा आणि वेळ बदलण्याचा मार्गही आहे. बारीक आसाच्या जाळ्यांत लहान स्कप फार मरतो म्हणून 2000 च्या अखेरीपासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दोन पट्टे आखले गेले. उत्तरेच्या पट्ट्यात नोव्हेंबर-डिसेंबरात, दक्षिणेच्या पट्ट्यात जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत बारीक आसाला मनाई. त्याच काळात स्कपची पिल्ले तिथे मुक्कामाला असतात. हा नियम जाळ्यापेक्षा राबवायला सोपा ठरतो, कारण बोट कुठे आहे हे उपग्रहावरून कळते. खोला कुठला लावला आहे, हे मात्र बोटीवर चढूनच पाहावे लागते.

कोकणात काय?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर केवळ माकुलासाठी निघणारा ट्रॉलर शोधावा लागेल. इथल्या जाळ्यात नळमाकूल, राणी मासा, बाळा, ढोमा, कोळंबी असे सारे एकत्र येते. निर्यातीमुळे माकुलाला भाव चांगला. त्याबरोबर येणारी पिल्ले आणि बारीक मासळी 'कुटा' म्हणून विकली जाते आणि मासळीची भुकटी बनवणाऱ्या कारखान्यांत जाते. न्यू इंग्लंडचा मच्छीमार बटरफिश फेकून देतो तेव्हा त्याच्या हाती काहीच येत नाही. कोकणातला मच्छीमार कुटा विकतो, त्यातून डिझेलचे थोडेफार पैसे सुटतात. इथे नको असलेली मासळी तितकीशी नकोशी नाही, आणि जाळे बदलण्याच्या आड हेच सर्वांत जास्त येते.

उपायांचा साठा मात्र तुटपुंजा नाही. ताण आला की नेहमीचा हिऱ्याच्या आकाराचा आस मिटतो आणि चौकोनी आस उघडा राहतो. म्हणून संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग प्रकल्पात ट्रॉलरना 40 मिलिमीटर चौकोनी आसाचे खोले देऊन पाहिले गेले. गुजरातच्या नियमांतही 40 मिलिमीटर चौकोनी आसच आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कोळंबी ठेवून पिल्ले बाहेर सोडणारे दुहेरी उपकरण बनवले आणि 2005 च्या स्मार्ट गिअर स्पर्धेत ते उपविजेते ठरले. बुडापासून थोडे वर चालणारे अर्धतरंगी ट्रॉलही याच संस्थेने तयार केले आहे. तळाची मासळी सोडून माकुलासारखी वर राहणारी मासळी पकडण्यासाठी ते न्यू इंग्लंडच्या उचललेल्या तळदोराच्या बरेच जवळ जाते. 2023 मध्ये महाराष्ट्राने 54 जातींसाठी पकडण्याचा किमान आकारही अधिसूचित केला.

तरी बंदरावर चौकोनी खोला विरळाच दिसतो. कारण अमेरिकेतल्या मच्छीमारांनी सांगितले तेच: आस मोठा झाला की माकूल आणि बारीक कोळंबी आधी जाते. फरक असा की तिथे बटरफिशची मर्यादा भरली की हंगाम बंद होतो, त्यामुळे जाळे बदलण्यात मालकाचा स्वार्थ आहे. इथे कुट्यावर मर्यादा नाही, त्याची वेगळी नोंद नाही आणि बोटीवर निरीक्षक नाही. एलईडीच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, तरी तिची अंमलबजावणी हा कोकणात वर्षानुवर्षे भांडणाचा विषय आहे. बंदी कागदावर आणि समुद्रात दिवे चालू असे असताना खोल्याच्या आसाची तपासणी कोण करणार, असा प्रश्न कुठलाही तांडेल विचारेल.

सगळ्या प्रयोगांकडे एकत्र पाहिले तर निकाल असा: तळाच्या माशांसाठी उचललेला तळदोर आणि मोठ्या आसाचे पोट चालते, मोठ्या प्राण्यांसाठी चौकट चालते, माकुलाएवढ्या माशासाठी एकही जाळे पुरेसे नाही, तिथे मर्यादा आणि जागा-वेळेची बंधनेच लागतात. महाराष्ट्राने सुरुवात कुट्याच्या नोंदीपासून करावी. मिरकरवाडा आणि मालवणसारख्या बंदरांत उतरणारा कुटा माकुलाच्या हंगामात जातवार मोजावा. त्याच बोटींवर एका ओढीला नेहमीचे आणि दुसऱ्या ओढीला उचललेल्या तळदोराचे जाळे लावून तुलना करावी आणि तोट्याची भरपाई चाचणीपुरती सरकारने द्यावी. निष्कर्ष मराठीत, बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लावावेत. 1 ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर ज्यांची जाळी समुद्रात पडणार आहेत, त्यांना ते आधी वाचायला मिळाले पाहिजेत.